यामातोवरचं दही

सस्काटून
१२ जानेवारी २००८

प्रिय चित्रा,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी राग लिहू दे.

पुण्याच्या मैत्रिणीने दिवाळीत निघालेलं एक पुस्तक पाठवलं. सोबत चिठ्ठी : ‘तुमच्या कॅनडातल्या लेखकाचं आहे, तुला आवडेल.’ लेखक हेमचंद्र वैशंपायन, मुक्काम ब्रॅम्पटन. विषय यामातो. दुसऱ्या महायुद्धातली जपानची ती सत्तर हजार टनांची युद्धनौका, जिच्याहून मोठ्या तोफा जगात दुसऱ्या कुठल्याही बोटीवर नव्हत्या आणि जी तीन हजारांच्या आसपास माणसं घेऊन बुडाली.

विसाव्या पानावर मी चष्मा काढून ठेवला. तिथे लिहिलंय : ‘जपान्यांनी जगातली सर्वांत मोठी तोफ ओतली आणि कागदावर ती लहान लिहिली. शेहेचाळीस सेंटिमीटरची तोफ, दप्तरात नाव चाळीसची.’ हे वाक्य माझ्या भावाचं आहे! नंदनने ते माझ्या घरी, माझ्यासमोर बसून, पोह्यांवरचं खोबरं वेचत म्हटलं होतं. ज्या माणसाने पन्नाशीला टेकताना जपानी शिकून चौदा वर्षं अकरा वह्या भरल्या, त्याचं नाव या पुस्तकात कुठेही नाही. अर्पणपत्रिकेत नाही, तळटीपेत नाही.

हा हेमचंद्र नंदनच्या तेराव्याला तुझ्याकडे आला होता. मी त्याला वाढलं होतं. दोन वाट्या खीर खाल्ली, रुमालाने डोळे पुसले आणि बेसमेंटमधून वह्यांचं खोकं उचलून गाडीत ठेवलं. ‘जरा वाचून परत देतो, उमाताई.’ मित्र! इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा!

आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची आली सांगू? पान एकशे त्रेचाळीसवर मी रडले. यामातोवरचा तो एकोणीस वर्षांचा खलाशी. घरून निघताना आई त्याच्या हातावर चमचाभर दही घालते, तो ते चाटतो, आणि कुरे बंदरात पोचेपर्यंत मूठ उघडत नाही, हात धूत नाही. चोराच्या पुस्तकात रडले मी. त्या अश्रूंचाही हिशेब त्यानेच द्यायचा आहे.

मला कोर्ट नको. मला या माणसाची मान माणसांसमोर खाली गेलेली बघायची आहे. सत्तरी जवळ आली माझी, दुसरी कुठलीही इच्छा आता इतकी ताजी नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मी ओरडेन आणि दोघी ‘जाऊ दे’ म्हणून ठेवून देऊ. मला जाऊ द्यायचं नाही. लिही.

आशीर्वाद.
उमा


केंब्रिज
२३ जानेवारी २००८

ती. उमावन्सं यांना नमस्कार.

पत्र आलं तेव्हा ड्राइव्ह-वे शोव्हल करत होते. हात गार होते म्हणून पाकीट संध्याकाळी फोडलं.

पुस्तक माझ्याकडेही आहे. ऊर्मीने आणलं. तिला मराठी वाचता येत नाही, पण मुखपृष्ठावरची बोट बघून म्हणाली, “आई, इज दिस बाबाज शिप?” मी हो म्हटलं.

एक चूक दुरुस्त करते. हेमचंद्रांनी वह्या पळवल्या नाहीत. त्यांनी मागितल्या आणि मी दिल्या. झेरॉक्स काढून सहा महिन्यांनी परतही केल्या. खोकं बेसमेंटमध्ये जिथे होतं तिथे आहे.

तुम्ही अर्पणपत्रिका बघितलीत. पान सात बघितलंत का? ऋणनिर्देश आहे. अक्षरजुळणी करणाऱ्याचे आभार, पुठ्ठा बांधणाऱ्याचे आभार, प्रेसमध्ये चहा आणून देणाऱ्या गड्याचेही आभार. मोठ्या मनाचा माणूस.

तुम्हाला कळेलच म्हणून सांगते. आमच्या मंडळाचा अध्यक्ष संजय याने पाडव्याच्या कार्यक्रमाला व्याख्यान ठेवलंय. ५ एप्रिल, शनिवार. वक्ते हेमचंद्र. दह्याचा प्रसंग ते पाठ म्हणतात. ब्रॅम्पटनला अर्धा हॉल रडला म्हणे.

वन्सं, ते पान पुन्हा वाचा. जपानमधलं खेडं, साल पंचेचाळीस, भाताचीसुद्धा मारामार. त्या घरात दही कुठून आलं? विरजण कोणी लावलं? प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही आपण घालतो. ते नाही घालत.

असा खलाशी कधी नव्हता. एवढंच सांगते.

तुमची,
चित्रा


सस्काटून
२ फेब्रुवारी २००८

चित्रे!

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एकटीच मोठ्याने हसले. इतकी, की शेजारच्या बाई विचारायला आल्या.

दही! जन्मभर मी व्यासपीठावरून लोकांना ‘डोळे उघडा’ म्हणत आले आणि माझ्याच डोळ्यांना दही दिसलं नाही. दिसणार कसं? आपल्या प्रत्येकाच्या तळहातावर ते कधी ना कधी पडलेलं आहे. मराठी माणूस ते वाचतो आणि त्याला आपली आई आठवते. आई आठवली की कोण विचारतो, विरजण कुठलं?

आणि हे नंदनला ठाऊक होतं. काय डोकं माझ्या भावाचं! त्याला वास आला असणार, की कोणीतरी एक दिवस या वह्या उचलील. म्हणून त्याने सगळ्या खऱ्या गोष्टींत एक खोटा खलाशी पेरून ठेवला. चोराला जपानी येत नाही, जपान माहीत नाही, तो नेमका तोच खडा हिरा समजून मुकुटात बसवील. बसवलाच की! मेलेल्या माणसाने लावलेला सापळा, आणि उंदीर त्यात बसून गावोगाव भाषणं ठोकतोय.

आता बेत ऐक. संजय मला भाषण देणार नाही. विनिपेगच्या मंडळाने माझ्या भाषणानंतर घटनाच बदलली, हे सगळीकडे पसरलंय. पण कुठल्याही मराठी कार्यक्रमात एक जागा अशी असते जी कोणालाच नको असते. आभारप्रदर्शन! तेव्हा लोक कोट शोधतात, बायका ताटांकडे धावतात, मुलं वॉशरूमला जातात. त्या जागेसाठी कार्यकर्त्यांना गळ घालावी लागते. आणि कोणाच्या लक्षातच येत नाही, की कार्यक्रमातला शेवटचा शब्द आभाराचा असतो. त्यानंतर वंदे मातरम्. वंदे मातरम् चालू असताना कोणी खुलासा करत नाही!

तर तू संजयला सांग, ‘आमच्या उमावन्सं पाडव्याला येताहेत, त्यांना आभाराचं काम द्या, म्हातारीला बरं वाटेल.’ असंच सांग. म्हातारी म्हण.

जपान्यांनी आपली ती अजस्र बोट दोन-अडीच वर्षं निर्णायक लढाईसाठी म्हणून जपून ठेवली. बंदरात उभी. इतर बोटींवरचे खलाशी तिला हॉटेल म्हणायचे. मी तशी गंजणार नाही. एकच तोफ, एकच बार.

वह्या रजिस्टरने पाठव. नंदनचं अक्षर मला हातात धरायचं आहे.

तुझी,
उमा


केंब्रिज
१८ फेब्रुवारी २००८

ती. उमावन्सं,

वह्या आज पाठवल्या. अकराही. खोकं नीट बांधलंय.

संजयला सांगितलं. त्याचा चेहरा आधी पडला, ‘आभार’ म्हटल्यावर खुलला. म्हणाला, “काकू, पर्फेक्ट! दोन मिनिटं ठेवू त्यांना, मॅक्स तीन. फक्त स्पॉन्सर्स आणि व्हॉलंटिअर्सची लिस्ट वाचायला सांगा, प्लीज.” लिस्ट ई-मेलने येईल.

तुम्ही आमच्याच घरी उतरा. मी मात्र नसेन. एक एप्रिलला निघते. जपानला जातेय, तीन आठवडे. ऊर्मी विमानतळावर न्यायला येईल. तिच्या गाडीत बसताना पट्टा आधी लावा, ती लगेच निघते.

तुम्हाला विचित्र वाटेल. कारखान्यातल्या माझ्या नोकरीतली जुनी ओळख आहे. ते थकलेत. आता गेले नाही तर जाणं होणार नाही.

एकच विचारते, खरं उत्तर द्या. दह्याचा प्रसंग वाचताना तुम्हाला त्यात काही ओळखीचं वाटलं का? आपली रीत म्हणून नव्हे. तो हात, ती मूठ. काही?

चित्रा


सस्काटून
३ मार्च २००८

चित्रा,

वह्या मिळाल्या. तुझ्या जाण्याची बातमीही.

स्पष्ट बोलते. तू पळतेस. नवऱ्याच्या नावाची लढाई होणार त्या दिवशी बायको जपानात चेरीची फुलं बघणार! तुझा स्वभावच भिडस्त. बत्तीस-तेहतीस वर्षं नंदनच्या मागे उभी राहिलीस, आता तो पुढे नाही तर तुला उजेड सोसवत नाही. असो. मी आहे.

ओळखीचं काय वाटायचं? आपली रीत आहे, ओळखीची वाटणारच. तिथेच तर त्याची हुशारी. आणि वही अकरामधला समास बघितलास ना? त्या प्रसंगाशेजारी लाल शाईत लिहिलंय, ‘कुराता-सान यांनी मला स्वतः सांगितलेली सत्य घटना. पुस्तकाचा कळस हाच.’ किती बेमालूम! सापळ्यावरही पालापाचोळा घालून ठेवलाय पठ्ठ्याने.

जा. फुलं बघ. माझी तोफ भरलेली आहे.

उमा


केंब्रिज, तुझ्याच स्वयंपाकघरातलं टेबल
६ एप्रिल २००८

प्रिय चित्रा,

झालं! बार उडाला!

ऊर्मीने तुझ्या हॉटेलचा पत्ता दिला म्हणून तिकडेच लिहिते. इतकी वर्षं बोलतेय मी, पण कालचं बोलणं माझं शेवटचं ठरलं तरी तक्रार नाही.

शाळेचा हॉल, दीडशे माणसं, दाराशी गुढी, तिच्यावर कोणाची तरी पैठणी. हेमचंद्र रेशमी झब्ब्यात. मला वाकून नमस्कार केला. “उमाताई, तुम्ही! नंदन असता तर...” मी म्हटलं, “तो आहे हो. ऐकतोय.”

पाऊण तास बोलला. बरं बोलतो, मान्य करते. शेवटी दही. आवाज खाली आणला, उजवा हात पुढे केला, मूठ मिटली आणि तशीच धरून उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पर्समधून टिश्यू काढले. टाळ्या. लोक उठून उभे! मी त्या टाळ्या मोजत बसले होते. वाटलं, वाजवा. जितक्या उंचावर चढवाल तितका आवाज मोठा होईल.

मग संजय म्हणाला, “आता दोन मिनिटं आभार, आणि जेवण तयार आहे.”

मी यादी हातात घेतली. स्पॉन्सर वाचले. स्वयंसेवक वाचले. माइकवाला, हॉलचा केअरटेकर, चक्का टांगणाऱ्या बायका, खुर्च्या लावणारी मुलं. लोक उठायला लागले होते. मग म्हटलं, “आता एक आभार राहिले. ज्याचं पुस्तक आपण आत्ता ऐकलं, त्या लेखकाचे. तो आज इथे नाही. तो दोन वर्षांपूर्वी वारला.”

चित्रा, कोट चढवणारे हात अर्ध्या बाहीत थांबले.

वही वर धरली. म्हटलं, हे अक्षर ओळखा. तुमच्या गावातल्या नंदन परचुरेचं. ओळ वहीतून वाचली, ओळ पुस्तकातून वाचली. काना-मात्रेचा फरक नाही. मग म्हटलं, “तुम्ही आत्ता ज्यावर रडलात ते दही. बायांनो, तुम्ही आज आठ किलो चक्का केलात. मला सांगा, युद्धात होरपळलेल्या जपानी खेड्यातल्या बाईने विरजण कुठून आणलं? इथल्या इंडियन स्टोअरमधून?” आधी एक हसला. मग दहा. मग सगळा हॉल. ज्या प्रसंगावर ते दहा मिनिटांपूर्वी रडले होते, त्याच प्रसंगावर! मी म्हटलं, “हा खलाशी माझ्या भावाने चोर पकडण्यासाठी ठेवला होता. चोर पकडला आहे. आपल्या सर्वांचे आभार. वंदे मातरम्.”

आणि सुरू केलं मीच. सगळे ताठ उभे. हेमचंद्रही उभा, मान खाली. मी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत त्याच्या मानेकडे बघत होते.

नंतर तो माझ्याजवळ आला. ओठ पांढरे. हळूच म्हणाला, “वह्या चित्रावहिनींनीच दिल्या. ‘तुमच्या नावावर छापा’ म्हणाल्या. विचारा त्यांना.” काय निर्लज्ज थाप! विधवेच्या पदराआड लपतोय. मी म्हटलं, “श्रीखंड खाऊन जा. तेराव्याला खीर खाल्लीत, आता हे.”

संजयने वही अकराची ती पानं लगेच स्कॅन करून पुण्याला प्रकाशकाला पाठवली. आज सकाळी उत्तर आलंसुद्धा : आहेत त्या प्रती मागे घेतो, दुसऱ्या आवृत्तीवर नंदन परचुरे हे नाव घालतो. फक्त तुझी, वारस म्हणून, सही हवी.

नंदनला नाव मिळालं, चित्रा. ये लवकर. सही कर.

उमा


कुरे, जपान
१७ एप्रिल २००८

ती. उमावन्सं,

पत्र हॉटेलच्या काउंटरवर मिळालं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. सही करणार नाही.

हेमचंद्र खोटं बोलले नाहीत. ‘तुमच्या नावावर छापा’ हे माझेच शब्द. अट एकच घातली होती, पुस्तकात एक ओळ हवी : ‘जपानीतून भाषांतर, चित्रा परचुरे.’ त्यांनी दोन्ही हात जोडून हो म्हटलं. पान सातवर चहावाला आहे. मी नाही.

तुमच्यासमोर मी कधी ह्यांचं नाव घेतलं नाही. आज घेते. नंदनला जपानी येत नव्हतं. ‘अरिगातो’ आणि ‘सायोनारा’, एवढंच. जपानी मी शिकले होते, लग्नाआधी पुण्यात, तीन वर्षं. त्याच्यावरच मला कारखान्यात दुभाष्याची नोकरी लागली. नोकरी कसली, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. चौदा वर्षं जेवणं झाली की मी जपानी पुस्तक उघडायचे आणि मराठीत सांगायचे. नंदन लिहायचे. तुम्ही हॉलमध्ये वर धरलंत ते अक्षर त्यांचं, वाक्यं माझी. कागदावर लहान लिहिलेली तोफ, तेही माझंच. तुमच्याकडे पोहे खाताना त्यांनी ते आपलं म्हणून सांगितलं तेव्हा मी ओट्याशी उभी राहून तुमचा चहा गाळत होते.

एकदा म्हटलं, माझंही नाव घाला ना. हसले. “अगं, भाषांतर म्हणजे नळ. पाणी नदीचं असतं, नळाचं नाव कोण लिहितं?”

ठरवलं, या नळातून एकदा माझं पाणी सोडायचं.

कुराता-सान आमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आले होते. त्यांचा मोठा भाऊ यामातोवर गेला. त्यांनी ती गोष्ट मला लंचरूममध्ये सांगितली आणि म्हणाले, लिहू नका, आई अजून आहे. मी घरी एवढंच सांगितलं की भाऊ बोटीवर होता. नंदन मागे लागले. प्रसंग दे, निरोपाचा प्रसंग दे, त्याशिवाय पुस्तक उभं राहत नाही. रोज. मग मी दिला.

जून चौऱ्याहत्तर, वन्सं. मिरज. मी कॅनडाला निघाले. माझ्या आईने हातावर दही घातलं. नंदन दारातून म्हणाले, “आटपा, टॅक्सी खोळंबलीय.” मी हात धुतला नाही. मुंबईच्या विमानतळापर्यंत मूठ मिटून बसले होते. नंदन शेजारी बसले होते. त्यांनी विचारलंही होतं, “हात दुखतोय का?” आईला त्यानंतर मी बघितलं नाही.

ते मी खलाशाला दिलं. माझी आई, माझा हात, माझी मूठ, सगळं. नेहमीच्या सवयीने जपानी पुस्तकात बोट ठेवून, खाली मान घालून, कुराता-सान म्हणाले म्हणून सांगत होते आणि वाट बघत होते. वाटलं, आता पेन थांबेल. वर बघतील. म्हणतील, “अगं, हे तर...”

पेन थांबलं नाही. वाक्य पुरं करून म्हणाले, “जपानी माणसं आपल्यासारखीच भावुक, नाही?” आणि लाल शाईने समासात लिहिलं : कुराता-सान यांनी मला स्वतः सांगितलेली सत्य घटना.

सापळा होता तो, बरोबर ओळखलंत. चोर ओळखण्यात चुकलात.

त्या दिवसापासून मी गप्प राहून बांधत आले. ती बोट गुपचूप बांधताना जपान्यांनी तिच्याभोवती पडदे लावले होते, मी तेही लावले नाहीत, माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. वाटलं होतं पुस्तक निघेल, कोणीतरी जाणकार दह्यावर बोट ठेवील, आणि नंदनना माझ्याकडे यावं लागेल. ते त्याआधीच गेले. म्हणून वह्या हेमचंद्रांना दिल्या. आणि त्यांनी चहावाल्याचे आभार मानले तेव्हा तुमचं पत्र आलं.

फेब्रुवारीत मी तुम्हाला विचारलं होतं, काही ओळखीचं वाटलं का. तुम्हीही होतात मिरजेला. ‘हो’ म्हणाला असतात तर मी सगळं थांबवलं असतं.

तोफ तुम्ही होतात, वन्सं. गोळा हेमचंद्रांच्या आरपार जाऊन नंदनना लागला. दीडशे माणसांसमोर तुम्हीच दाखवलंत की खोटा प्रसंग नंदनच्या अक्षरात आहे. लाल शाईचा समास प्रकाशकाकडे पोचलाय. सापळा लावणारा माणूस ‘सत्य घटना’, ‘मला स्वतः’ असं आपल्या खाजगी वहीत लिहितो का? आज ना उद्या कोणीतरी विचारीलच. तेव्हा घाला नंदनचं नाव. मी आडवी येणार नाही, सहीही करणार नाही.

इथे ती बोट आहे. एक-दशांश आकाराची, सव्वीस मीटर लांब, संग्रहालयाच्या मधोमध. शाळेची मुलं तिच्याभोवती पळत होती. बाहेर नौदलाची करी म्हणून आपल्या करीसारखंच काहीतरी विकतात. ज्या गोदीत ती बांधली ती बुजवलीय, वरचं छप्पर तेवढं आहे. सात एप्रिलला, ती बुडाली त्या तारखेला, कुराता-सान मला तिच्या खलाशांच्या स्तंभापाशी घेऊन गेले. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. आई गेली त्यांची. म्हणाले, आता लिहा. तुम्ही सतरा वर्षं लिहिलं नाहीत, म्हणून तुम्हीच लिहा.

खरी गोष्ट ही. भाऊ रजेवर घरी आला तेव्हा आई शेतावर होती. त्याने तिच्यासाठी थांबून पाहिलं, मग निघाला. जाताना ताटाखाली झाकून ठेवलेल्या दोन रताळ्यांतलं एक खाल्लं, एक ठेवलं. आई आली. तिने ते कधी खाल्लं नाही, कोणाला खाऊही दिलं नाही. बस. निरोप झालाच नाही.

मी पुस्तक पुन्हा लिहिणार आहे. त्यात दही नसेल. ते माझ्या आईचं आहे, ते त्या बोटीवर नको.

ऊर्मीने फोनवर सगळं सांगितलं. अभिमानाने. “आई, आत्या थँक्ड एव्हरीबडी! इव्हन द माइक गाय!” मी विचारलं, आणखी कोणाचे? ती आठवत राहिली.

चित्रा


सस्काटून
११ मे २००८

चित्रा,

चार पत्रं लिहिली, चारही फाडली. हे पाचवं आहे, आणि हेही मऊ नाही.

तू मला वापरलंस. माझ्या तोंडून माझ्या भावाला बुडवलंस. जानेवारीत एक ओळ लिहिली असतीस तर मी ब्रॅम्पटनला जाऊन दोघांचाही समाचार घेतला असता, जिवंताचाही आणि मेलेल्याचाही. पण तुला मदत नको होती, बार हवा होता. तुला भिडस्त म्हणाले मी! माफ करणार नाही. तूही करू नकोस.

वही अकरा पुन्हा उघडली. समास वाचला. एकदा खरं कळल्यावर ते अक्षर वाचवत नाही. नंदनला मी अंगाखांद्यावर वाढवलं. त्याला दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय होती आणि आम्ही सगळे हसायचो, ‘लाडका आहे’ म्हणायचो. ती सवय मीच लावली. त्याच्या वाटचा राग आता माझ्यावर निघतोय, आणि मला त्याच्यापुढे पळायला जागा नाही.

प्रकाशकाला लिहिलं, सोबत प्रत जोडली आहे. तीनच वाक्यं : ‘नंदन परचुरे यांचं नाव घालू नये. त्यांना जपानी येत नव्हतं, मी भर सभेत चुकीचं बोलले, हे माझ्या नावाने छापावं. पुस्तक चित्राचं आहे, तिची वाट पाहा.’ संजयलाही तेच लिहिलंय, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखव म्हणून. तो वाचणार नाही, घाबरतो. मी येऊन वाचीन. मान खाली जाताना बघायची होती ना मला? दीडशे माणसांना बघू दे, कोणाची जाते ती.

सूडही सांगून ठेवते, मी तो सोडणारी बाई नाही. तुझं पुस्तक निघेल तेव्हा आभार मीच मानणार. मला कोणी अडवायचं नाही. यादी मी फेकून देईन आणि एकाच माणसाचं नाव घेईन, आणि ते घेताना तुला माझ्या डोळ्यांत बघत उभं राहावं लागेल. तीन मिनिटं. बघू कोणाची मान आधी खाली जाते.

दह्याचं पान काढ. तुझं बरोबर आहे.

मिरज आठवायला मला दहा दिवस लागले. ओटा आठवला, तुझ्या आईचं ते निळं लुगडं आठवलं, दारातला नंदन आठवला. पण त्याच्याआधी कोणीतरी ‘आटपा’ म्हटलं होतं, ते मी. तुझ्या आईच्या हातात नुसता चमचा होता, चित्रा. दह्याची वाटी मी धरली होती.

उमा